मोटारसायकलची दुसरी चावी

मोटारसायकलची चावी हरवली की माणूस आधी खिसे चाचपतो. मग तेच खिसे पुन्हा चाचपतो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, सीटखाली बघतो, आणि मग त्याला घरातली दुसरी चावी आठवते. गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने दोन चाव्या हातावर ठेवल्या होत्या, एवढे पक्के आठवते. त्यातली एक कपाटात गेली, की देव्हाऱ्याच्या खणात, की थोरल्या भावाबरोबर मुंबईला, हे मात्र आठवत नाही.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या सर्वणसारख्या गावात हा प्रसंग शहरातल्यापेक्षा जास्त जड जातो. सर्वण आणि कारापूर मिळून एक पंचायत. एका अंगाला डिचोली, दुसऱ्या अंगाला साखळी, बाजार दोन्हीकडे हाताशी. पण कामधंदा हाताशी नसतो. कोणी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जातो, कोणी थेट पेडण्यात मोपच्या विमानतळावर. २०१२ साली इथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हापासून या तालुक्यातल्या पुष्कळ घरांची मिळकत गावाबाहेर, लांबच्या नोकरीवर उभी आहे. कदंब महामंडळाच्या आणि खासगी बसगाड्या दिवसा असतात. रात्रपाळी सुटल्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून गाडी लागते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या शंभरपैकी ऐंशीहून अधिक कुटुंबांकडे दुचाकी असल्याचे दिसले. देशात एवढे प्रमाण फार थोड्या ठिकाणी आहे. ज्या घरात दुचाकी एकच आहे आणि तिची चावी हरवली आहे, त्या घराचा दुसऱ्या दिवशीचा रोजगार त्या चावीपाशी अडलेला असतो.

आणि चाव्या हरवायला जागा भरपूर. हरवळ्याच्या धबधब्याखाली पँटच्या खिशासकट उतरलेला मुलगा वर येतो तेव्हा खिसा रिकामा असतो. जत्रेत शेतात गाड्या लावलेल्या असतात, रात्री परतताना चावी पेंढ्यात पडते. पावसात रेनकोटच्या आतल्या खिशातून हात बाहेर काढताना ती हाताबरोबर निघते आणि वाहत्या गटारात जाते. अशी चावी शोधण्यात अर्धा तास घालवावा, त्याहून जास्त नाही.

त्या अर्ध्या तासानंतर माणूस घाईत ज्या दोन गोष्टी करतो, त्या दोन्ही नुकसानीच्या आहेत. पहिली म्हणजे हँडलला हिसका देऊन हँडल लॉक तोडणे. मोटारसायकलच्या हँडलखाली एक पोलादी खिट्टी बाहेर येऊन चौकटीच्या खाचेत बसलेली असते. जोर लावला तर कधी खिट्टी वाकते, कधी तिच्याभोवतीचा ओतीव भाग तडकतो. वाकलेली खिट्टी पूर्ण आत जात नाही, आणि पुढे कधी तरी वळणावर हँडल अडकले तर निभावणे कठीण. दुसरी गोष्ट म्हणजे इग्निशनच्या वायरी तोडून गाडी चालू करून घेणे. हे करून देणारा हुशार मुलगा प्रत्येक नाक्यावर भेटतो. गाडी चालू होते हे खरे. पण तोडून पिळलेली वायर गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात हिरवी पडते आणि नंतर गाडी कुठेही, केव्हाही बंद पडू लागते. शिवाय हँडल लॉक तसेच राहते, ते वायरींनी सुटत नाही. गाडी आहे तिथे सुरक्षित ठेवून दुसऱ्या कोणाच्या गाडीने घरी जावे, नाही तर पुढचे चाक उचलून ती पिकअपमध्ये घालावी. एवढा धीर धरला तर पुढचा खर्च बराच कमी होतो.

हा खर्च नेमका किती, हे कशावर ठरते ते कळायला कुलपाच्या आत डोकवावे लागेल.

आपल्या घरातल्या लोखंडी कपाटाचे कुलूप वेगळे आणि मोटारसायकलचे वेगळे. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपांचा कारखाना काढला. त्या कुलुपांनी मराठी घरांत जे नाव कमावले ते तरफांच्या जोरावर. चावी आत फिरते, तरफा उचलते, मग बोल्ट सरकतो. अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी १८६०च्या दशकात पिनांचे दंडगोल कुलूप सिद्ध केले, आणि त्याच दशकात, १८६८ साली, फिलो फेल्टर यांनी पिनांऐवजी पातळ पट्ट्या वापरणाऱ्या कुलपाचे पेटंट घेतले. आज आपल्या दुचाकींच्या इग्निशनमध्ये बसते ते या पट्ट्यांच्या घराण्यातले कुलूप. पट्ट्यांना जागा कमी लागते, कुलूप स्वस्तात बनते, आणि धूळ-धक्के सोसूनही ते बऱ्यापैकी टिकते.

त्याची रचना अशी. बाहेर एक स्थिर नळी, तिच्या आत फिरणारा गोल तुकडा. मेकॅनिक याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये आडव्या फटी असतात आणि प्रत्येक फटीत एक पितळी पट्टी, नखाएवढी, तिच्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग. पट्टीच्या मधोमध एक चौकोनी खिडकी असते आणि चावी या सगळ्या खिडक्यांमधून आरपार जाते. चावी नसते तेव्हा स्प्रिंग पट्टीला बाहेर ढकलते. पट्टीचे टोक बाहेरच्या नळीतल्या खाचेत शिरते आणि बॅरल फिरत नाही. योग्य चावी घातली की तिच्यावरचा प्रत्येक चढ-उतार आपापल्या पट्टीला नेमका तेवढाच आत ओढतो. सगळ्या पट्ट्यांची टोके बॅरलच्या कडेशी समतल झाली की बॅरल मोकळे. चावीवरचा एखादा खाचा अर्धा मिलिमीटर खोल राहिला तर ती पट्टी आत येत नाही; जास्त उंच राहिला तर तीच पट्टी दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावते. दोन्ही प्रकारांत कुलूप अडतेच. निम्म्या पट्ट्या वर ढकलणाऱ्या आणि निम्म्या खाली ढकलणाऱ्या असल्या की चावी दोन्ही कडांनी कापलेली असते. तुमची चावी हातात घेऊन बघा, दोन्ही कडांचा आकार सारखाच असतो असे नाही.

आता यातला हिशेब. समजा कुलपात सहा पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीची उंची चार प्रकारची असू शकते. मग चार हा आकडा सहा वेळा मांडून गुणला की येतात ४०९६ वेगवेगळ्या चाव्या. यातले काही आकार वापरता येत नाहीत. सगळे खाचे एकाच उंचीचे झाले तर ती चावीच राहत नाही, सपाट पट्टी होते. शेजारच्या दोन खाच्यांत फार मोठा चढ-उतार आला तर चावी आत अडकते. म्हणजे उपयोगाचे आकार त्याहूनही कमी. उलट आपल्या देशातला एकच मोठा कारखानदार वर्षाला पन्नास लाखांहून अधिक दुचाकी विकतो. तेव्हा एकाच आकाराची चावी देशात हजारो गाड्यांना चालते, हे गणितानेच सिद्ध आहे. ती गाडी कुठे उभी आहे हे माहीत नसल्यामुळे आपण निश्चिंत असतो. जुन्या गाड्यांची गोष्ट तर आणखी पुढची. वर्षानुवर्षे वापरून चावीचे कंगोरे झिजतात, पट्ट्यांच्या खिडक्याही झिजतात, आणि मग शेजाऱ्याच्या चावीने आपली गाडी सुरू होते. खेड्यात याचा अनुभव नसलेला जुना मोटारसायकलवाला सापडणार नाही. चालत्या गाडीतून चावी आपोआप बाहेर येऊन रस्त्यात पडते तीही याच झिजेमुळे.

या हिशेबातून माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट निघते, ती अशी. चावी म्हणजे पितळेचा तुकडा नव्हे. चावी म्हणजे सहा-सात आकड्यांची एक ओळ, प्रत्येक पट्टीची उंची सांगणारी. ती ओळ कुठे तरी लिहिलेली असेल तर चावी खऱ्या अर्थाने हरवतच नाही.

आणि ती बहुधा लिहिलेली असते. नवीन गाडीच्या चाव्यांबरोबर बारीक तारेत ओवलेला अॅल्युमिनियमचा एक छोटा बिल्ला येतो, किंवा चावीच्याच दांड्यावर अक्षर-आकडे ठोकलेले असतात. तो चावीचा क्रमांक. हा क्रमांक आणि गाडीची कागदपत्रे घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे गेले की पुष्कळ कंपन्यांच्या बाबतीत त्या क्रमांकाची नवी करकरीत चावी मागवता येते. यायला काही दिवस लागतात, पण येते ती कारखान्याच्या मापाची, झिजेचा लवलेश नसलेली. एवढ्या मोठ्या सोयीचे आपण काय करतो? बिल्ला सुबक दिसतो म्हणून त्याच कडीत चावीबरोबर ठेवतो. चावी गेली की बिल्लाही गेला, आणि तो चोराच्या हाती पडला तर चावी बनवायची कृतीही त्याच्या हाती पडली. कित्येक घरांत तर तो पहिल्या दिवशीच्या पेढ्यांच्या पुड्याबरोबर टाकून दिलेला असतो.

इथे आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण ती आता घरोघर पसरली आहे. पाडव्याला, दसऱ्याला, चवथीच्या आधी नवी गाडी येते. देवळात नेतात, हार घालतात, नारळ फोडतात, चावी देवाच्या पायाशी ठेवतात. हे सगळे छान आहे. मग चावी दोन बोटांत धरून फोटो काढतात आणि तो शेकडो लोकांना पाठवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की चावीच्या फोटोवरून, अगदी लांबून काढलेल्या फोटोवरूनही, संगणक खाच्यांची उंची मोजू शकतो आणि चावी पुन्हा बनवता येते. त्यांनी प्रयोग घराच्या चाव्यांवर केला, पण तत्त्व तेच. चावी हा आकड्यांचा क्रम असेल तर फोटो म्हणजे तो क्रम जाहीर करणे. चावीवर ठोकलेला क्रमांक फोटोत वाचता येत असेल तर संगणकाचीही गरज नाही. फोटो काढावा तो गाडीचा, हाराचा, घरच्या माणसांचा. चावी मुठीत असू द्यावी.

क्रमांक नाही, दुसरी चावी नाही, अशा वेळी आठवतो तो चावीवाला. डिचोलीच्या बाजारात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, बसस्टँडच्या आसपास लोखंडी कड्यात शेकडो कोऱ्या चाव्या अडकवून बसलेला माणूस बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याच्या कामाकडे नीट बघितलेले लोक मात्र कमी. महाराष्ट्रात आणि उत्तरेत हा धंदा करणाऱ्यांत शिकलगार मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचा मूळ व्यवसाय शस्त्रे घासून लखलखीत करण्याचा. ब्रिटिश मुलखात १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर शस्त्रे बाळगण्यावर बंधने आली, पुढे संस्थानांची शस्त्रागारेही ओस पडली, आणि धातूवर चालणारा तो हात सुऱ्या-कात्र्यांकडे, कुलूप-चावीकडे वळला. हातात कानस धरण्याची त्यांची पद्धत बघितली की हे कसब एका पिढीचे नाही हे लगेच कळते.

चावीवाल्याची दोन कामे असतात आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले काम सोपे. चावी आहे, तिच्यासारखी दुसरी हवी. त्याच्याकडे यंत्र असते. त्यात दोन पकडी शेजारी-शेजारी बसवलेल्या. एकीत तुमची चावी, दुसरीत कोरी. तुमच्या चावीच्या कडेवरून एक बोथट काटा फिरतो, आणि तो जसा वर-खाली होईल तशी शेजारची दातेरी चकती कोऱ्या चावीला कापत जाते. मग तारेच्या ब्रशने कड साफ करायची. पाच मिनिटांचे काम. यंत्र नसेल तर दोन्ही चाव्या एकत्र आवळून कानशीनेही तो हेच करतो. या नकलेत एक दोष मात्र राहतोच. यंत्र समोरच्या चावीची नक्कल करते, मूळ मापाची नाही. दहा वर्षे वापरलेली चावी दिली तर दहा वर्षांच्या झिजेसकट नक्कल मिळते, आणि त्या नकलेवरून पुढची नक्कल केली की झेरॉक्सच्या झेरॉक्सप्रमाणे कडा आणखी पुसट होत जातात. म्हणून नक्कल नेहमी कपाटात ठेवलेल्या, न वापरलेल्या चावीवरून करावी आणि रोजच्या वापराला नक्कल घ्यावी. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

दुसरे काम म्हणजे चावी मुळीच नसताना चावी बनवणे. हे बघायला मिळाले तर जरूर उभे राहून बघावे. चावीवाला आधी कुलपाचे तोंड बघतो, त्यात बसणारी कोरी चावी जुडग्यातून निवडतो. जुडग्यात शंभर असल्या तरी त्याचा हात बरोबर तिच्यावर जातो. कोऱ्या चावीच्या कडेवर तो कानस एकदाच हलकी फिरवतो, म्हणजे ती कड एकसारखी चमकू लागते. कोणी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी चढवतो. मग चावी आत घालून किंचित पिळतो. फार नाही, जेमतेम. आतल्या पट्ट्या अडलेल्या असतात आणि त्या कोऱ्या पितळेवर दाबल्या जातात. चावी बाहेर काढून तो ती उजेडाकडे तिरपी धरतो. कडेवर सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटलेले असतात. जिथे ठिपका, तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा उजेड. एखाद्या जागी ठिपका उमटायचा थांबला की ती पट्टी आपल्या उंचीवर आली. त्या जागेला आता हात लावायचा नाही. कानशीचा एक फटकारा जास्त झाला तर चावी वाया जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. पट्टी किती उंच हे त्याला दिसत नाही, मापायला यंत्र नाही. जे काही कळते ते पिळताना बोटाला लागणाऱ्या अडथळ्यावरून आणि त्या ठिपक्यांवरून. मघाशी म्हटलेली आकड्यांची ओळ तो कुलपाकडूनच वाचून घेत असतो. हे अंदाजपंचे काम नव्हे. कुलूप आपली उत्तरे देते आणि हा ती ऐकतो. शेवटी बॅरल फिरते आणि मीटरवर दिवा लागतो. या कामाचे त्याने मागितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

काही वेळा तो इग्निशनऐवजी पेट्रोल टाकीच्या झाकणाचे किंवा बाजूच्या कव्हरचे कुलूप काढून हातात घेतो. एकाच चावीने हे सगळे उघडते, आणि सुटे कुलूप हातात आले की पट्ट्या डोळ्यांनी दिसतात, काम झटपट होते. यात एक मेख आहे. लहान कुलपात पट्ट्या कमी असू शकतात. टाकीचे झाकण उघडणारी चावी इग्निशनला अर्धवटच लागते, उरलेल्या एक-दोन खाच्यांसाठी मुख्य कुलपाशीच झटावे लागते. चावीवाला टाकी उघडून पुन्हा इग्निशनपाशी का बसला, असे वाटून अधीर होऊ नये.

स्कूटरवाल्यांची अडचण आणखी निराळी. आजच्या बहुतेक स्कूटरांत चावीच्या भोकावर सरकणारे झाकण असते आणि ते उघडायला चावीच्या मुठीवर लहानसा चुंबकी खुंटा असतो. यंत्रावर चावीचे पाते कापले जाते, चुंबक नाही. साध्या कोऱ्या चावीवर केलेली नक्कल स्कूटर सुरू करते, पण झाकण बंद असेल तर आत जाऊच शकत नाही. चुंबक बसवलेल्या कोऱ्या चाव्याही मिळतात. त्यातला चुंबकाचा क्रम आपल्या झाकणाशी जुळतो की नाही हे दुकानातच, पैसे देण्याआधी, स्वतः झाकण उघड-बंद करून बघावे. साधी नक्कल वापरत असाल तर झाकण लावूच नका.

सगळेच मार्ग खुंटले की उरते ते नवे लॉकसेट. इग्निशन, टाकीचे झाकण, सीट किंवा बाजूचे कुलूप आणि दोन नव्या चाव्या, असा पूर्ण संच बदलायचा. नकलेला काही दहा रुपयांपासून शेकड्यापर्यंत खर्च येतो, कुलपावरून चावी बनवायला काही शेकडे, आणि लॉकसेट हजारांच्या घरात जाते. साध्या गाड्यांत नुसते इग्निशन बदलूनही चालते, पण मग टाकीला जुनी चावी आणि गाडीला नवी, अशी कायमची दोन चाव्यांची कटकट. चावी नुसती हरवली नसून चोरली गेल्याचा संशय असेल, घराचा पत्ता किंवा गाडीचा नंबर चावीबरोबर गेला असेल, तर मात्र कुलपे बदलणेच शहाणपणाचे. तिथे पैसा बघू नये.

महागड्या गाड्यांचे गणित बदलले आहे. युरोपात १९९०च्या दशकाच्या अखेरीस नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि मोठ्या मोटारसायकलींनीही तो उचलला. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी नसते. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचे वेटोळे असते. चावी जवळ आली की त्या वेटोळ्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींवरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. क्रमांक ओळखीचा नसेल तर इंजिन सुरू होत नाही. इथे चावीवाल्याने पाते हुबेहूब कापले तरी ते फक्त बॅरल फिरवते. होंडाच्या मोठ्या गाड्यांत या यंत्रणेला एचआयएसएस म्हणतात. एक ओळखीची चावी शिल्लक असेल तर विक्रेता नव्या चावीची नोंद करू शकतो आणि हरवलेल्या चावीची नोंद पुसली जाते. सगळ्याच चाव्या हरवल्या तर गाडीचा नियंत्रक बदलायची पाळी येते, आणि तो खर्च साध्या लॉकसेटच्या कितीतरी पट. केटीएमच्या काही गाड्यांबरोबर येणारी नारिंगी चावी याचसाठी असते. ती गाडी चालवायला वापरायची नाही, नव्या चाव्यांची नोंद करायला जपून ठेवायची. जानेवारी २०२३मध्ये होंडाने अॅक्टिव्हाची एच-स्मार्ट आवृत्ती आणली तेव्हापासून हा विषय डिचोलीच्या साध्या घरांतही आला आहे. खिशातले यंत्र जवळ असले की स्कूटर उघडते, बटणासारख्या लहान बॅटरीवर ते चालते. अशी स्कूटर घेताना सोबत आलेले क्रमांकाचे कार्ड त्याच दिवशी नीट ठेवले नाही तर पुढे पस्तावणे नक्की. आपल्याकडच्या साध्या, रोजच्या मोटारसायकलींत मात्र बहुधा चिप नसते, आणि त्यांच्यासाठी कानस अजून पुरते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. सचोटीचा चावीवाला आरसी बुक बघितल्याशिवाय बिनचावीच्या गाडीला हात लावत नाही. डिचोलीच्या जीए ०४ नंबरची गाडी पेडण्याच्या बाजारात नेली तर तो जास्तच चौकशी करील, आणि त्याने ती केलीच पाहिजे. त्याचा राग मानण्याचे कारण नाही. तीच चौकशी उद्या तुमची गाडी वाचवणार आहे. पोलीस ठाण्यात चावी हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवावी. याचे मोल पुढे विम्याच्या वेळी कळते. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच चावी पुढे केली तर दुसरी कुठे, गाडीला लावून तर ठेवली नव्हती ना, हा प्रश्न येतो आणि दावा अडकतो. जुन्या तारखेची पोलिसांतली नोंद हातात असेल तर उत्तर देता येते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही याच कारणाने दोन्ही चाव्या मागाव्यात. मालक म्हणेल, "अहो बाब, एक चावी कधीच हरवली, ही एकच आहे." तेव्हा किमतीतून लॉकसेटचे पैसे वजा करून घ्यावेत. दुसरी चावी कोणाच्या खिशात आहे हे त्यालाही माहीत नसते.

पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमलला, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या स्कूटरांची रांग उभी असते. तिथे चावी हरवणे हा धंद्याचाच भाग. पाहुणा समुद्रात उतरतो, कपडे वाळूवर ठेवतो, भरती येते. ओल्या वाळूत पडलेली चावी पहिल्या दोन लाटांत बोटभर खाली जाते. भाड्याने गाडी देणाऱ्याने प्रत्येक गाडीचा चावी-क्रमांक वहीत गाडीच्या नंबरासमोर लिहून ठेवला, मूळ चाव्या कुलपात ठेवल्या आणि पाहुण्याच्या हातात नेहमी नक्कल दिली, तर हंगामात त्याची एकही गाडी दिवसभर अडून राहणार नाही. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर भाडे मारणारे आपले पायलट लोक याहून साधा उपाय करू शकतात. दुसरी चावी घरात न ठेवता रोज ज्या नाक्यावर उभे राहतात तिथल्या ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायची. त्यांची गाडी एक दिवस थांबली तर त्या दिवशीची चूल थांबते.

आता गोव्याच्या हवेचे. समुद्राकडे खारा वारा, डिचोलीकडे तांबडी बारीक धूळ, आणि वर पाऊस. धूळ आणि ओल मिळून बॅरलमध्ये चिखल होतो, स्प्रिंगा गंजतात, पट्ट्या आपल्या फटीत अडकून बसतात. चावी जड फिरू लागते आणि माणूस जोर लावतो. झिजलेली चावी नेमकी सगळ्यात खोल खाच्यापाशी मोडते. जड फिरणारे कुलूप हीच पहिली सूचना समजावी. इंजिनचे जाडे तेल आत सोडू नये, त्याला धूळ चिकटते आणि दुप्पट चिखल होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रॅफाइटची भुकटी किंवा कुलपासाठीचा सुका फवारा मारून चावी दहा-वीस वेळा आत-बाहेर करावी, कापडाने पुसावी, एवढे पुरते. जड जुडगाही चावीच्या कडीत लटकवू नये. खडबडीत रस्त्यावर त्याचा भार हिंदकळत राहतो आणि बॅरल एका बाजूने झिजते.

चावी आतच मोडली तर हातातला तुकडा फेकू नका आणि आतला तुकडा गोंद लावून ओढायला जाऊ नका. गोंद पट्ट्यांवर पसरला की कुलूप कायमचे गेले. चावीवाला नाजूक करवतीचे पाते चावीच्या कडेने आत सरकवतो, त्याचे दाते मोडक्या तुकड्यात अडकवतो आणि तुकडा सरळ बाहेर खेचतो. मग दोन्ही तुकडे यंत्राच्या पकडीत एकमेकांना भिडवून लावतो आणि त्यांच्यावरून अखंड चावी कापून देतो. ती लावून गाडी सुरू झाली की त्याच बैठकीत आणखी एक कापून घ्यावी, आणि दांड्यावरचा क्रमांक तुटक्या तुकड्यावर वाचता येत असेल तर तो तिथेच उभ्याउभ्या आरसीच्या झेरॉक्सवर उतरवून घ्यावा.